खालून कापलेला मजकूर

गेल्या वर्षी ऑक्टोबरच्या दुसऱ्या मंगळवारी, तिथल्या वेळेप्रमाणे संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास, इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका शहरात प्रशांत नावाचा अडतीस वर्षांचा माणूस सायकलवरून पडला. रस्ता ओला होता. हेल्मेट होतं, पट्टा लावलेला नव्हता. डोक्याला मार बसला, शुद्ध गेली, त्याच रात्री शस्त्रक्रिया झाली. मुलुंड पूर्वेला, आमच्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या त्याच्या आईला, सुमनमावशींना, हे बुधवारी सकाळी आठ वाजता फोनवरच्या संदेशातून कळलं. संदेश सुनेचा होता, इंग्रजीत. सव्वाआठला त्या एक मजला उतरून आमच्या दाराशी आल्या.

यंदा सातवीण पुन्हा फुलली आहे. आमच्या गल्लीत तिची पाच झाडं आहेत. संध्याकाळी सहानंतर वास सुरू होतो आणि तासाभरात घरात शिरतो. काहींना तो आवडतो, काहींचं डोकं उठतं. गेल्या ऑक्टोबरमध्ये इमारतीची दुरुस्ती चालू होती. चारही बाजूंनी बांबूची परांची आणि तिच्यावर हिरवं कापड. पंख्याखाली बसलं तरी पाठीला शर्ट चिकटायचा, कारण वारा कापडाबाहेरच अडायचा. दुपारी बाराला घरात संध्याकाळसारखा उजेड, तोही हिरवा. त्या महिन्यातलं जे जे आठवतं त्याला हा रंग आहे. मावशींचा चेहरा हिरवा, फोन हिरवा, चहा हिरवट. सातवीण आणि ओल्या प्लास्टरचा वास एकमेकांत मिसळलेला.

सुमनमावशींनी फोन माझ्यासमोर धरला. त्या तेव्हा सहासष्ट वर्षांच्या होत्या. माहेर-सासर दोन्ही वाशीमकडचं. लग्नानंतर मुंबईत आल्या आणि महापालिकेच्या एका रुग्णालयात शस्त्रक्रियेच्या वॉर्डात एकतीस वर्षं आया म्हणून काम करून निवृत्त झाल्या. नवरा दहा वर्षांपूर्वी गेला. प्रशांत एकुलता.

"वाच," त्या म्हणाल्या. "मी वाचलंय. तू पण वाच."

मी वाचलं. जे त्यांना समजलं होतं तेच लिहिलेलं होतं.

"तू पेपरात आहेस ना?"

"आमचा पेपर मराठी आहे, मावशी."

"माहीत आहे रे. इंग्रजीतनंच मराठी करता ना तुम्ही लोक? आता उलटं कर."

मी एका मराठी दैनिकाच्या डेस्कवर काम करतो. एकोणीस वर्षं झाली. दुपारी चारला ड्युटी सुरू होते. वृत्तसंस्थांचा इंग्रजी मजकूर येतो, त्याचं मराठी करायचं, मथळा द्यायचा, पानात बसेल एवढा ठेवायचा. माझं इंग्रजी वाचण्याचं आहे. त्या इंग्रजीत सूत्रांनी सांगितलेलं असतं, प्रकृती स्थिर असल्याचं समजतं, पुढील तपास सुरू असतो. त्या भाषेत कुणी कुणाला जेवलास का म्हणून विचारत नाही. एका सासूने सुनेला काय लिहावं, हे मी कधी इंग्रजीत वाचलेलं नव्हतं.

याआधी त्याची गरज पडली नव्हती, कारण मध्ये प्रशांत होता. दर रविवारी व्हिडिओवर बोलणं व्हायचं. मावशी मराठीत बोलायच्या, तो बायकोला, रूथला, इंग्रजीत सांगायचा. ती बोलायची, तो आईला मराठीत सांगायचा. रूथ तिथे प्राथमिक शाळेत शिकवते. एक-दोनदा मी त्यांच्याकडे असताना हा कार्यक्रम पाहिला होता. मावशी दोन मिनिटं बोलल्या की प्रशांतचं इंग्रजी दहा सेकंदांत संपायचं. उलट दिशेनेही तसंच. मंगळवारनंतर दोघींच्या मध्ये कुणी उरलं नाही. प्रशांत ज्या खाटेवर होता तिच्या एका बाजूला रूथ होती, आणि मावशींचा पासपोर्ट दोन वर्षांपूर्वी संपलेला होता.

पासपोर्टचा अर्ज त्याच दिवशी भरला. त्यानंतर व्हिसा. दोन्ही मिळून किती दिवस लागतील, हे कुणी नक्की सांगू शकलं नाही. तोपर्यंत मावशींना मुलाजवळ पोचण्याचा एकच रस्ता होता, तो म्हणजे रूथचा फोन. तो रस्ता माझ्यातून जात होता.

पहिला मजकूर त्यांनी बुधवारी दुपारी बाराला सांगितला. मी समोर बसून वहीत उतरवला. ती वही अजून माझ्याकडे आहे, म्हणून शब्दशः देता येतो.

"रूथला म्हणावं, आई बोलते. कशी आहेस. झोपलीस का. जेवलीस का, काय जेवलीस. तिकडे पाऊस आहे ना, छत्री नेत जा. शाळेत सांगितलंस का, रजा दिली का त्यांनी. तुझी आई आली का सोबतीला. आमच्याकडे सगळे बरे आहेत, बिल्डिंगला काम काढलंय, धूळ लई आहे. प्रशांतची नळी नाकातनं आहे का तोंडातनं. लघवीचा रंग कसा आहे. संडास झाली का. दर दोन तासानं कूस बदलतात का. आणि चादर उचलून टाचा बघ म्हणावं. दोन्ही टाचा."

डेस्कवर पहिल्या आठवड्यात जी गोष्ट शिकवतात ती अशी, की महत्त्वाचं वर घ्यायचं आणि कमी महत्त्वाचं खाली. कारण पान लावताना मजकूर जास्त झाला, तर पान लावणारा विचारत बसत नाही, खालून कापतो. बातमी अशी लिहायची की शेवटच्या चार ओळी उडाल्या तरी ती बातमीच राहील. एकोणीस वर्षांनी हा नियम राहत नाही, हाताची सवय होते. समोर कुठलाही मजकूर आला की हात आपोआप तळाशी जातो.

मावशींच्या बोलण्याची रीत याच्या नेमकी उलटी आहे. त्यांच्या गावाकडे कुणी मयताची खबर घेऊन आलं तरी आधी पाणी पितं, मग पाऊसपाणी विचारतं, पोरंबाळं विचारतं, आणि उठायच्या बेताला आल्यावर सांगतं. मुद्दा शेवटी येतो, कारण तो सांगितल्यावर बाकी काही बोलता येत नाही. हे मला ठाऊक होतं. त्यांनी स्वतःच कधीतरी हसत सांगितलं होतं. तरीही मी वहीतला मजकूर पाहिला आणि त्याची इंट्रो, म्हणजे बातमीचा गाभा, मला पहिल्या ओळीत दिसली: आई बोलते, कशी आहेस. लघवी, संडास आणि टाचा या तळाच्या चार ओळी होत्या.

शिवाय त्या ओळी बऱ्या दिसत नव्हत्या. एका इंग्रज शिक्षिकेला, जिचा नवरा बेशुद्ध आहे, सकाळी साडेसातला फोन उघडल्यावर सासूकडून हा प्रश्न यावा, हे मला पटेना.

माझं इंग्रजी कमी पडत होतं, तेव्हा मी फोनवरच्या एका ॲपची मदत घेतली. आपलं मोडकंतोडकं वाक्य द्यायचं आणि सांगायचं: घरच्या माणसाशी बोलल्यासारखं, सहज, पण व्याकरण चुकू देऊ नको. ते तीन पर्याय देतं. पहिला जरा औपचारिक, तिसरा फारच सलगीचा, म्हणून मी मधला घ्यायचो. पहिल्या दिवशी गेलेला संदेश मराठीत साधारण असा होईल: रूथ बाळा, सारखी तुझीच आठवण येते आहे. स्वतःचीही काळजी घे. प्रशांतला आमचं सगळ्यांचं प्रेम. काही लागलं तर नक्की सांग, आम्ही आहोत.

माझी बायको मेधा हिने तो खांद्यावरून वाचला. "बाप रे," ती म्हणाली, "इतकं गोड तू मला लग्नाआधी पण लिहिलं नव्हतंस."

"मी नाही लिहिलं."

"ते दिसतंच आहे."

मावशींनी फोन हातात घेऊन संदेश पाहिला. सगळे शब्द त्यांना येत नव्हते. "छोटं झालं," त्या म्हणाल्या.

"इंग्रजी छोटंच असतं."

"असेल बाबा," म्हणाल्या आणि पाठवायचं बटण स्वतः दाबलं.

दोन तासांनी रूथचं उत्तर आलं. चार ओळी होत्या. आभार, शस्त्रक्रिया ठीक झाली, अजून शुद्ध नाही, तुमचे शब्द वाचून धीर आला. मी मराठीत सांगितलं. मावशींनी विचारलं, "टाचांचं काय म्हणते?" मी म्हटलं, त्याबद्दल काही लिहिलेलं नाही. हे खरं होतं.

असे बारा दिवस गेले. रोज बाराला त्या खाली यायच्या, मी वही उघडायचो. त्या सांगायच्या, मी लिहायचो, मग आटोपशीर करायचो. मजकूर रोज थोडा बदलायचा. पाऊस जाऊन थंडी आली, रूथच्या आईऐवजी बहीण आली. शेवट बदलत नव्हता. वहीत बारा दिवसांपैकी नऊ दिवस शेवटची ओळ टाचांची आहे. एकदा मी इंग्रजीत घेतली होती, प्रामाणिकपणे सांगायचं तर. मग तीन पर्याय आले, तिन्हींत ती ओळ विचित्र दिसली, आणि मी ती काढली.

उत्तरं आखूड होत गेली. चार ओळींच्या दोन झाल्या. मग फक्त आभार. नवव्या दिवशी नुसतं लाल हृदय. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. ती थकली असेल, एवढंच.

त्या दिवसांत मला काय वाटत होतं, याची कुठे नोंद नाही आणि आठवणही नाही. उकाडा आठवतो. परांचीवरच्या मजुरांचा रेडिओ आठवतो. खिडकीबाहेर अचानक एखादा माणूस उभा दिसायचा आणि तोही आपल्याला पाहून नजर वळवायचा. दसरा त्याच काळात आला. दारोदार झेंडूची तोरणं लागली आणि दोन दिवसांत उन्हाने काळी पडली. मावशी दर वर्षी बायकांच्या गटाबरोबर नागपूरला दीक्षाभूमीवर जातात, पांढरी साडी नेसून. ते तिकीट त्यांनी कुणाला तरी दिलं. पांढरी साडी मात्र त्या दिवशी नेसल्या आणि बाराला नेहमीसारख्या खाली आल्या. ऑफिसात संध्याकाळी एका अपघाताची बातमी माझ्याकडे आली, महामार्गावरची, जखमी तीन. मी ती सहा ओळींत बसवली. घरी परतलो, जेवलो. मावशीही रडल्या नाहीत, निदान आमच्या घरात नाही. मेथी निवडत बसायच्या आणि सांगायच्या. मेथीच्या काड्या वर्तमानपत्रावर, पानं ताटात.

तेराव्या दिवशी, सोमवारी, रूथचा संदेश आपणहून आला. बाराच्या आधीच. मावशी जिना उतरून आल्या तेव्हा त्यांनी चष्मा लावलेला होता.

"यात हील लिवलंय," त्या म्हणाल्या. "हील म्हणजे टाच. वाच."

रूथने लिहिलं होतं की कूस बदलताना नर्सला प्रशांतच्या डाव्या टाचेवर काळपट डाग दिसला. नाण्याएवढा. कातडी फुटली आहे. जखमा पाहणारी वेगळी नर्स उद्या येईल. गंभीर नाही असं म्हणतात, पण भरायला वेळ लागेल. तुम्हाला कळवावं की नाही समजत नव्हतं.

मावशी खुर्चीवर बसल्या. फोनवर अंगठ्याने मागे मागे गेल्या, पहिल्या दिवसापर्यंत.

"हे काय लिहिलंय ते मराठीत सांग."

मी सांगितलं.

"पुढचं."

तेही सांगितलं. एकेक करून बारा संदेश मी मराठीत परत केले. आठवण येते. काळजी घे. प्रेम. खंबीर राहा. आम्ही आहोत. मराठीत ते आणखी हलके झाले. बाहेर एक मजूर भिंत खरवडत होता, तो आवाज मध्ये मध्ये येत होता.

"टाच कुठंय?"

मी वही पुढे ओढली.

"अरे, टाच कुठंय माझी? रोज सांगितली ना मी? वहीत आहे का नाही?"

"वहीत आहे."

"मग?"

"इंग्रजीत ते बरं वाटत नव्हतं, मावशी. एकदम लघवी, संडास..."

"बरं वाटायला कोण बसलंय तिथं?" आवाज चढला नव्हता. "कायले काढली? पोट्ट्याला बेडसोर झाला. एकतीस वर्षं मी तेच केलं. डॉक्टर राऊंड मारून जातो, सिस्टर औषध देऊन जाते, टाच आयाच बघते. डोक्याच्या पेशंटला दुखत नाही, तो सांगत नाही. म्हणून चादर उचलायची. तुला काय वाटलं, मी गप्पा मारते?"

मेधा पाण्याचा ग्लास घेऊन आली होती, ती दारातच थांबली.

"चुकलं," मी म्हटलं.

"चुकलंच," त्या म्हणाल्या. "सरक तिकडं."

त्यांनी फोन मांडीवर ठेवला आणि उजव्या हाताच्या एका बोटाने लिहायला लागल्या. मोठ्या अक्षरांतलं इंग्रजी. केसपेपरवरचं, खाटेच्या पायथ्याशी लटकणाऱ्या तक्त्यावरचं. प्रत्येक शब्दानंतर पूर्णविराम. आय वर्क हॉस्पिटल थर्टी वन इयर. पिलो अंडर लेग. नॉट अंडर हील. हील इन एअर. टू अवर टर्न. यू सी एव्हरी डे. यू ईट?

माझा हात पुढे गेला होता. त्यांनी फोन दुसऱ्या बाजूला घेतला आणि पाठवून दिला.

चार मिनिटांत उत्तर आलं. शब्द नव्हते, फोटो होता. पांढरी चादर, दोन पाय, टाचांखाली उशी. त्याखाली एकच प्रश्न, हे बरोबर आहे का. मावशींनी लिहिलं, नो. अप. दुसरा फोटो आला. उशी वर सरकली होती, पोटरीखाली. टाचा खाटेपासून दोन बोटं वर, हवेत. डाव्या टाचेला पट्टी. मावशींनी तो बोटांनी मोठा करून पाहिला. त्या अपघातानंतर मुलाचं शरीर प्रथमच पाहत होत्या, गुडघ्यापासून खाली.

"नखं वाढली आहेत," त्या म्हणाल्या, आणि तेही लिहिलं.

त्या संध्याकाळी रूथने लांब संदेश पाठवला. दुसऱ्या दिवशी मावशींनी तो माझ्याकडून वाचून घेतला. पूर्ण, काही न गाळता, अशी अट घालून. तिने लिहिलं होतं की तुम्ही रुग्णालयात काम करत होता हे मला माहीतच नव्हतं. आई सरकारी नोकरीत होती, एवढंच प्रशांतने सांगितलं होतं. तुमचे आधीचे संदेश फार छान होते. इतके छान, की मला वाटलं तुम्हाला तपशील ऐकवणार नाहीत. म्हणून मी सांगत नव्हते. तुम्हाला जपायचं म्हणून. आता विचारा, जे विचारायचं ते.

सरकारी नोकरीच्या वाक्याला मी थांबलो. मावशींनी मान हलवली.

"बरोबरच सांगितलं त्यानं. महापालिकाच ना. पुढचं वाच."

त्यानंतर त्या बाराला खाली आल्या नाहीत.

जिन्यात भेटायच्या. लघवी स्वच्छ आहे, म्हणायच्या. नळी नाकातनं आहे. रूथ सकाळी पाव खाते आणि दुपारी काही नाही, म्हणून ओरडले तिला. ओरडणं इंग्रजीत कसं केलं, हे मी विचारलं नाही. दिवाळीच्या आठवड्यात परांची उतरली आणि हिरवं कापड गेलं. घरात एकदम पांढरा उजेड आला, फर्निचरवरची धूळ दिसायला लागली. मेधाने दोन दिवस पुसून काढली. सातवीण झडून गेली होती. फुलांचा बारीक हिरवट चुरा गाड्यांच्या काचांवर पडलेला असायचा. प्रशांतने नोव्हेंबरच्या मध्यावर डोळे उघडले. टाच भरायला जानेवारी उजाडला.

बारा दिवस आधी कुणी चादर उचलली असती तर ती जखम झाली नसती का, हे मी एका डॉक्टरांना विचारलं. त्यांनी सांगितलं, शक्य आहे. न उचलताही झाली नसती, उचलूनही झाली असती. खात्रीने सांगता येणार नाही.

प्रशांतचा पहिला शब्द डिसेंबरात आला. तो रूथला कळला नाही. तो दुसऱ्यांदा तेच म्हणाला तेव्हा तिने ते फोनवर टिपलं आणि मुलुंडला पाठवलं. मावशींनी जिन्यातच मला ऐकवलं. मागे कुठलंतरी यंत्र टिकटिकत होतं आणि घोगरा आवाज म्हणत होता, "थांब."

"थांब म्हणतोय," मावशी म्हणाल्या. "काय करत होती ही?"

विचारलं तेव्हा कळलं, ती त्याच्या पायात मोजा घालत होती.

इंग्रजी शब्द लगेच आले नाहीत. सोळा वर्षं तो तिथे इंग्रजीत राहिला, लग्न इंग्रजीत केलं, नोकरी, भांडणं, विनोद इंग्रजीत. डोक्यातल्या मारानंतर आधी परत आलं ते मराठी, आणि तेही मुलुंडच्या शाळेतलं, रे-बे करणारं. डॉक्टरांनी रूथला सांगितलं की दोन भाषा येणाऱ्या रुग्णांत असं कधी कधी होतं, कोणती आधी येईल ते सांगता येत नाही. नवरा समोर बसून बोलतो आहे आणि बायकोला एक अक्षर कळत नाही, अशी स्थिती झाली. ती आवाज टिपून पाठवायची. चौथ्या मजल्यावर मावशी ऐकायच्या आणि आपल्या इंग्रजीत अर्थ कळवायच्या. ही वॉन्ट वॉटर. ही से लाइट टू मच. ही से सॉरी, रूथ. या शेवटच्या वेळी मूळ मराठी काय होतं, ते मावशींनी सांगितलं नाही.

त्यांचा व्हिसा फेब्रुवारीत आला. त्या सहा महिने तिथे राहिल्या आणि ऑगस्टमध्ये परतल्या. बॅगेतून त्यांनी मेधासाठी बिस्किटांचा डबा आणला, माझ्यासाठी लोकरीचे मोजे. मुंबईत मोजे कशाला, असं मेधा म्हणाली, तर मावशी म्हणाल्या, "रूथनं दिलेत. याला म्हणे. तू लिहीत होतास ना, म्हणून." मोजे करड्या रंगाचे आहेत. अजून घातलेले नाहीत.

सध्याची स्थिती अशी. प्रशांत घरी आहे. चारपायी काठीच्या आधाराने खोलीतून खोलीत जातो. डावा हात खांद्याच्या वर उठत नाही. नोकरी गेली. इंग्रजी बरंचसं परत आलं आहे, पण व्यायाम झाल्यावर थकतो, आणि थकला की इंग्रजी जातं. ते तास-दोन तास मराठीचे असतात. रूथला मराठी चाळीसेक शब्द येतात. त्यापलीकडचं ती मुलुंडला पाठवते.

परवा रविवारी, माझ्या सुट्टीच्या दिवशी, संध्याकाळी सोसायटीच्या सभेची सूचना द्यायला मी चौथ्या मजल्यावर गेलो होतो. दार उघडं होतं. मावशी खिडकीपाशी फोन घेऊन बसल्या होत्या. सातविणीचा वास यायला सुरुवात झाली होती.

"बस. आत्ताच आलंय," त्या म्हणाल्या आणि नऊ सेकंदांचं रेकॉर्डिंग मोठ्याने लावलं.

प्रशांतचा आवाज आता घोगरा नाही. जरा संथ आहे, एवढंच. "अगं खिडकी लाव ना," तो म्हणत होता. "कबूतर येईल आत. लाव ना यार."

"कबुतराला काय म्हणतात रे?" मावशींनी विचारलं.

"पिजन."

त्यांनी लिहिलं. क्लोज विंडो. पिजन कम इन. पाठवलं.

उत्तर मी त्यांच्या खांद्यावरून वाचलं. रूथने लिहिलं होतं की खिडकी बंदच आहे, सकाळपासून बंद आहे, कबूतर कुठेच नाही; मी त्याला तीनदा सांगितलं.

मावशींनी फोन मांडीवर ठेवला. "अशा पेशंटला सांगून उपयोग नाही," त्या म्हणाल्या. "दाखवावं लागतं." मग एका बोटाने, प्रत्येक शब्दानंतर पूर्णविराम देत, त्यांनी लिहिलं. ओपन. देन क्लोज. ही शुड सी.

सहा वाजून बेचाळीस मिनिटांनी रूथने कळवलं की तिने खिडकी उघडली, आणि लावली.